सत्रारंभाचा पंधरवडा

शाळेच्या वर्षाचीं दोन सत्रें असतात व मध्यें दिवाळीची सुटी येते, हें घरोघर ठाऊक आहे. परंतु नवें सत्र सुरू होतांना वर्गांत कोण हजर असतें, याचा विचार फारसा होत नाहीं.

वर्षाची वांटणी आपल्याकडे जुनीच. धर्मशास्त्राप्रमाणें श्रावणांत उपाकर्म करून साडेचार-पांच महिने वेदाध्ययन चाले व पौष-माघांत उत्सर्जन होई. पुढें शुक्ल पक्षीं वेद व कृष्ण पक्षीं वेदांगें अभ्यासावयाचीं. काळ आणि विषय यांचा तो मेळ होता. अर्थात् तें अध्ययन थोड्यांपुरतें होतें. आजची शाळा सर्वांची आहे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें पांचवीपर्यंत २०० व सहावी ते आठवीस २२० दिवस ठरविले. उन्हाचा विचारहि होतो: २०२४ सालीं इतरत्र शाळा १५ जूनला उघडल्या, विदर्भांत १ जुलैला. पण शेताचें पंचांग कोण पाहतो? आमच्या मानोऱ्याकडे सोयाबीन घरीं येतें न येतें तोंच कापसाची वेंचणी लागते. द्वितीय सत्राची घंटा होते आणि मागचे बांक रिकामे!

आम्ही शिक्षक असतां पहिल्याच दिवशीं सरळव्याजाचा नवा पाठ घेत असूं. सुमारें तीस वर्षांपूर्वीं एक हुशार मुलगा वेंचणी आटोपून तीन आठवड्यांनीं परतला. त्यास गणित उमगेना, विचारण्याची लाज वाटे. आम्हीं त्यास चारचौघांत आळशी म्हटलें. वार्षिक परीक्षेनंतर तो शाळेंत आलाच नाहीं. आळस त्याचा नव्हता. अविचार आमचा होता.

पुढें निवृत्त होईपर्यंत सत्राचा पहिला पंधरवडा आम्हीं उजळणीसाठींच राखून ठेविला. अभ्यासक्रम कधीं अपुरा राहिला नाहीं. उलट मागाहून येणारांस वर्गांत पाय ठेवावयास जागा मिळाली.

घरच्या वडीलधाऱ्यांस दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आपलीं मुलें वेंचणीस जात नाहींत. पण तुळशीचें लग्न होतांच लग्नकार्यें निघतात व मुलांची सुटी आठ दिवस लांबते. तेवढें टाळावें. दुसरें असें कीं, घरीं कामास येणाऱ्या बाईंचें लेकरूं अभ्यासांत मागें पडलें असल्यास नातवंडांच्या पंक्तीस त्यासहि रोज अर्धा तास बसवावें. त्या मुलासाठीं आम्हांस तें सुचलें नाहीं, ही रुखरुख अद्याप आहे.