एका कणाचे चुकलेले बारसे

२०१२ साली आषाढी एकादशी ३० जूनला होती. तिला चार दिवस होतात न होतात तोच, ४ जुलैच्या बुधवारी, जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी एक नवा मूलकण सापडल्याचे जाहीर केले आणि आपल्याकडे त्याचे ‘देवकण’ म्हणून बारसे होऊन गेले. मग व्हायचे तेच झाले. भाविकांना वाटले, चला, अखेर विज्ञानालाही देव मानावा लागला. बुद्धिवादी मंडळींचे पित्त खवळले. देव आहे की नाही, या जुन्याच वादाला नवे इंधन मिळाले आणि त्या गदारोळात एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. जो कण कोणी पाहिला नाही, कोणाला कधी दिसणारही नाही, तो ‘आहे’ हे या लोकांना कळले कसे?

त्या नावाची जन्मकथा अगदीच मामुली आहे. लिऑन लेडरमन या नोबेलविजेत्या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९९३ साली या कणावर एक लोकप्रिय पुस्तक लिहिले आणि त्याला ‘गॉड पार्टिकल’ असे नाव दिले. हा कण इतका छळतो की खरे तर त्याच्या नावात शिवीच हवी होती, पण प्रकाशक तयार होईना, असे त्यांनी त्याच पुस्तकात गमतीने लिहून ठेवले आहे. ज्यांच्या नावाने हा कण ओळखला जातो ते पीटर हिग्ज स्वतः नास्तिक. त्यांना हे नाव मुळीच आवडत नसे. थोडक्यात, वैतागातून आलेली एक शिवी आपण मराठीत आणताना गाभाऱ्यात नेऊन बसवली.

न दिसणाऱ्या गोष्टीचा पुरावा म्हणजे काय, हे समजून घ्यायला बुलढाणा जिल्ह्याच्या माणसाला जिनिव्हाला जायची गरज नाही. लोणारच्या सरोवराकाठी उभे राहिले तरी पुरे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा प्रचंड खळगा, त्याच्या तळाशी खारे पाणी. दैत्यसूदन विष्णूने येथे लवणासुराचा वध केला, ही कथा गावाने शतकानुशतके जपली आहे आणि तिच्यामुळे गावाला एक अप्रतिम मंदिरही मिळाले. १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. सगळे दख्खनचे पठारच लाव्हाच्या थरांचे, तेव्हा हेही ज्वालामुखीचेच मुख असणार, असे पुढे दीर्घकाळ मानले गेले. तर्क अगदी सरळ होता. फक्त चुकीचा होता.

निकाल लागला तो १९७३ साली, आणि तोही खडकाच्या बारीकशा तुकड्यांवरून. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम या चौघांच्या शोधनिबंधात लोणारच्या खडकातल्या ‘मास्केलिनाइट’ या काचेचा दाखला होता. खडकातल्या स्फटिकाची ही अशी काच होण्यासाठी जो भयंकर धक्का लागतो तो ज्वालामुखीच्या आवाक्याबाहेरचा आहे. तो अशनीच्या आघातानेच बसू शकतो. अशनी पडताना कोणी पाहिला नाही. तो केव्हाच चक्काचूर होऊन गेला, पण जाताना खूण ठेवून गेला. हा प्रसंग घडला कधी, हेही आज अणूंच्या पोटातूनच कळते. पोटॅशियमच्या काही अणुगर्भांचे ठरावीक गतीने आर्गॉनमध्ये रूपांतर होत असते. त्या घड्याळावरून २०११ साली विवराचे वय ५ लाख ७० हजार वर्षे काढले गेले, आणि सोबत लिहिले गेले : ४७ हजार वर्षे इकडे किंवा तिकडे. त्याआधी दुसऱ्या एका पद्धतीने हेच वय ५० हजारांच्या आसपास आले होते! कोणाचे गणित का चुकले, याची चर्चा होते, मोजमाप पुन्हा केले जाते. पंचांगातल्या मुहूर्तासारखे हे एकदा छापले की संपले, असे नसते.

जिनिव्हात झाले ते याच जातीचे. जमिनीखाली साधारण १०० मीटरवर २७ किलोमीटर घेराचा बोगदा. त्यात प्रोटॉनचे झोत एकमेकांवर आदळवायचे. अब्जावधी टकरींमागे कधीतरी एखादा हिग्ज कण जन्माला येतो, आणि तो जगतो किती? सेकंदाच्या अब्जांशाचा अब्जांश घ्या, त्याचा हजारावा हिस्सा करा, त्याहूनही कमी. म्हणजे तोही लोणारच्या अशनीसारखाच, आला आणि फुटला. मागे राहतात त्याचे तुकडे. हजारात दोनदा प्रकाशाचे दोन कण उरतात. अशा जोड्यांचा हिशेब मांडता मांडता आलेखावर एका ठिकाणी, प्रोटॉनच्या १३३ पट वस्तुमानाशी, छोटासा उंचवटा दिसू लागला. असा कण नसताना निव्वळ योगायोगाने एवढा उंचवटा दिसण्याची शक्यता ३५ लाखांत एक इतकी उतरेपर्यंत ‘शोध’ हा शब्द उच्चारायचा नाही, असा या क्षेत्राचा दंडक. तोही दोन स्वतंत्र यंत्रांनी वेगवेगळा पाळला. एवढे करूनही ४ जुलैला ते ‘नवा कण’ एवढेच म्हणाले. ‘हा हिग्ज बोसॉनच आहे’ असे म्हणायला त्यांनी मार्च २०१३ उजाडू दिला. आपण मात्र पहिल्याच दिवशी त्याला देव करून मोकळे झालो होतो.

आता, या कणाचे महत्त्व काय? १९६४ साली हिग्ज यांनी, आणि त्यांच्याआधी थोडे दिवस फ्रान्स्वा आंग्लेर व रॉबर्ट ब्राउट यांनी, असे मांडले होते की अवघ्या विश्वात एक अदृश्य क्षेत्र पसरलेले आहे आणि मूलकणांना वस्तुमान मिळते ते त्याच्यामुळे. मृगाच्या पावसानंतर काळ्या रानातून चालून पाहा. पायाला चिखल चिकटत जातो, पाऊल जड होते. वरून उडणाऱ्या बगळ्याला त्याचे काहीच नाही. इलेक्ट्रॉन म्हणजे रानातला माणूस आणि प्रकाशकण म्हणजे तो बगळा. उपमा लंगडी आहे, कारण चिखल माणसाला थांबवतो; हे क्षेत्र चालत्या कणाला थांबवत नाही, त्याची गती बदलायला गेले की मात्र आडवे येते. आणखी एक गैरसमज जाता जाता दूर करू. तुमच्या-आमच्या वजनातला हिग्ज क्षेत्राचा वाटा जेमतेम एक टक्का. बाकीचे वजन प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आत कोंडलेल्या ऊर्जेचे. पण त्या एका टक्क्यावर हसू नये. इलेक्ट्रॉनला वस्तुमान नसते तर तो अणूत टिकलाच नसता. मग अणू नाही, पाणी नाही, लोणार नाही आणि लोणारचा वाद घालणारेही नाहीत.

‘हे सारे ठीक, पण याने कपाशीला भाव मिळणार आहे का?’ असा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, आणि कोरडवाहू मुलखात तो येणे रास्त आहे. हिग्ज कणाचा असा उपयोग आज दाखवता येत नाही, हे सरळ सांगावे. मात्र १९३२ साली कार्ल अँडरसन यांना पॉझिट्रॉन सापडला, तेव्हा त्याचाही दाखवता आला नसता. आज मलकापूरहून किंवा शेगावहून रात्रीच्या गाडीने रुग्णाला घेऊन मुंबईच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या कुटुंबांना ‘पेट स्कॅन’ हा शब्द ठाऊक झाला आहे. त्यातला ‘पे’ म्हणजे पॉझिट्रॉन. शरीरात टोचलेल्या औषधातून तो बाहेर पडतो, इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघेही नाहीसे होतात आणि उरतात प्रकाशाचे दोन कण. त्यांच्यावरून गाठ कोठे आहे ते समजते. पुन्हा तीच रीत : वस्तू गेली, खूण उरली.

या शोधात आपण केवळ टाळ्या वाजवणारे नव्हतो, हेही घरात मुलांना सांगायला हवे. ‘बोसॉन’ या नावातले बोस म्हणजे ढाक्याहून १९२४ साली आइन्स्टाइनना आपला निबंध धाडणारे सत्येंद्रनाथ. ज्या दोन यंत्रांनी हा कण टिपला त्यांपैकी ‘सीएमएस’चा एक भाग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारला. ही संस्था होमी भाभांनी १९४५ साली स्थापन केली, तेव्हा देश स्वतंत्रही झाला नव्हता.

आमच्या शाळांच्या सहली लोणारला येतात. मुले मंदिर पाहतात, डबे सोडतात, वहीत ‘उल्कापाताने तयार झालेले सरोवर’ असे लिहून घेतात आणि परततात. ‘कशावरून?’ हे त्या वहीत नसते. विज्ञानाच्या तासालाही नसते. तिथे व्याख्या पाठ असली की गुण मिळतात. माझे म्हणणे एवढेच की, मास्केलिनाइटची हकीकत त्या काठावरच सांगावी आणि मग मुलांना हात पुढे करायला लावावा. अवकाशातून येणारे किरण वातावरणावर आदळून म्युऑन नावाचे कण तयार होतात, आणि मुलाच्या उघड्या तळहातातून दर सेकंदाला असा एखादा तरी कण आरपार जात असतो. या म्युऑनलाही वस्तुमान हिग्ज क्षेत्राकडूनच मिळते का? तसा पहिला पुरावा २०२० साली सर्नमध्ये मिळाला. पण योगायोगाची शक्यता अजून हजारात एकाच्या आसपास होती, म्हणून तो जाहीर करताना त्या लोकांनी ‘शोध’ हा शब्द वापरला नाही.