काजू बी आफ्रिकेची, बुडणारे भांडवल आपले!

रत्नागिरी जिल्ह्यातील काजू उद्योगावर चर्चा निघाली की दोनच तक्रारी ऐकू येतात. बीला भाव नाही आणि बँक कर्ज देत नाही. तिसऱ्या प्रश्नावर कोणी बोलत नाही. समजा कर्ज मिळाले, फॅक्टरी उभी राहिली, वाडीतल्या पंधरा-वीस बायका कामाला लागल्या. मग वर्षभर पुरेल एवढी बी आणायची कोठून? आपल्याकडचा हंगाम फेब्रुवारी ते मे. पुढे फॅक्टरी चालू ठेवायची तर आफ्रिकेची बी घ्यावी लागते. आणि पहिल्या पिढीतल्या उद्योजकाची खरी परीक्षा येथेच असते.

ज्यांच्या बागा आहेत त्यांचे एक वेळ निभावते. 1990 पासून रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीमुळे कोकणात काजू वाढला, हे खरेच आहे. पण अनुदान मिळाले ते जमीन असणाऱ्याला. या जिल्ह्यात जमीन कोणाच्या नावावर होती, हे वाचकांना सांगायला नको. खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात मांडले. कायदा होण्यास 1949 साल उजाडले. त्यामुळे आपल्या तरुणाने फॅक्टरी काढली तरी बी मात्र त्याला दुसऱ्याकडूनच घ्यावी लागते. मंगळुरू किंवा कोल्लमच्या आयातदाराकडून घेतली तर त्याचा नफा आपल्या खिशातून जातो. म्हणून थेट आफ्रिकेतून मागवण्याचा मोह होतो. मोह चुकीचा नाही. आपण मधल्या माणसाचे ओझे किती पिढ्या वाहायचे?

पण जुना व्यापारी परदेशी पुरवठादार कसा पारखतो, हे पाहा. त्याचा एक नातलग मंगळुरूच्या बाजारात असतो, दुसरा दार-ए-सलामला. एक फोन केला की समोरच्याची कुंडली कळते. यालाच ते व्यापारातला विश्वास म्हणतात. खरे पाहता हे जातीचेच जाळे आहे आणि त्यात आपल्याला प्रवेश नाही. तेव्हा जे काम त्यांचा मेहुणा करतो ते आपल्याला कागदाकडून करून घ्यावे लागेल. संशयीपणा म्हणून नव्हे, तर गरज म्हणून.

फसवणुकीची रीत साधी असते. व्हॉट्सअ‍ॅपवर गोदामाचे फोटो येतात, भाव बाजारापेक्षा बराच कमी असतो आणि तीस टक्के आगाऊ मागितले जातात. पैसे गेले की निर्यात परवान्याची फी, मग फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राची फी, मग बंदरावरचा दंड. माल कधीच निघत नाही. फोटो आणि गोड इंग्रजी यांवर भाळणाऱ्याने एवढे तरी विचारावे, की ज्या महिन्यात तो ताजी बी देतो म्हणतो त्या महिन्यात तिथे झाडावर काजू असतो का? पश्चिम आफ्रिकेचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते जून, टांझानिया-मोझांबिकचा ऑक्टोबर ते जानेवारी. ऑक्टोबरमध्ये आयव्हरी कोस्टची 'नवी बी' विकणारा एक तर जुना माल विकतो किंवा हवा विकतो. टांझानियात 2007 पासून कच्ची बी गोदाम-पावती पद्धतीने, लिलावातून विकली जाते. 'थेट शेतकऱ्याकडून देतो' म्हणणाऱ्याकडे लिलावाचे कागद मागा. बेनिनने 1 एप्रिल 2024 पासून कच्च्या काजूची निर्यात बंद करण्याचा निर्णय घेतला. आयव्हरी कोस्टमध्ये निर्यातदाराला तेथील कापूस-काजू परिषदेची मान्यता लागते. कंपनीचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि आबिदजान किंवा दार-ए-सलाम येथील भारतीय वकिलातीच्या व्यापार विभागाला लेखी विचारावे. वकिलात आपल्याही कराच्या पैशावर चालते. ती काही फक्त बड्या घराण्यांसाठी उघडलेली नाही.

कंपनी खरी निघाली तरी बी खरी असेलच असे नाही. काजूत सगळा खेळ आउटटर्नचा. 80 किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघतो, तो आकडा. एक किलो बी फोडून चांगला गर आणि डागी गराचे निम्मे वजन मिळून 272 ग्रॅम भरले, तर आउटटर्न 48. करारात 48 लिहून 40 ची बी आली, तर 16 टनांच्या म्हणजे 200 पोत्यांच्या खेपेत सव्वासातशे किलो गर गायब! छोट्या फॅक्टरीचा वर्षाचा नफा त्यातच गेला. म्हणून माल भरताना त्रयस्थ तपासनीस संस्थेकडून आउटटर्न, ओलावा आणि किलोमागे बियांची संख्या तपासून घ्यावी. तपासनीस आपण नेमायचा, पैसेही आपण द्यायचे. पुरवठादाराने पाठवलेले प्रमाणपत्र असेल तर त्यावर छापलेल्या नंबरवर फोन करू नये. संस्थेचा नंबर स्वतः शोधावा.

एलसी काढली म्हणजे आपण सुरक्षित, ही आणखी एक भाबडी समजूत. बँक कागद पाहते, पोती उघडत नाही. कागद नियमाप्रमाणे दिसले की पैसे जातात, आणि बिल ऑफ लेडिंग तर बनावटही करता येते. त्यावरचा कंटेनर क्रमांक, चार अक्षरे आणि सात आकडे, जहाज कंपनीकडे पडताळून पाहणे हे पाच मिनिटांचे काम. पैसे ज्या खात्यात जाणार ते कंपनीच्याच नावाचे आणि त्याच देशातले आहे ना? ऐनवेळी 'खाते बदलले' असा ईमेल आला तर पैसे थांबवावेत. ते गेलेच असतील तर त्याच तासाला बँकेला कळवून 1930 वर तक्रार करावी.

आगाऊ पाठवलेल्या पैशांवर माल आल्याचा पुरावा बँकेला द्यावा लागतो, हेही अनेकांना नंतर कळते. पैसे बुडालेले, आणि वर बिल ऑफ एन्ट्री कुठे आहे म्हणून बँकेची पत्रे. महामंडळाचे कर्ज, बायकोचे दागिने, भावाची जामीनकी, सगळे एका खेपेत अडकते. आणि टरफलाच्या तेलाने ज्यांचे हात काळे पडलेत, त्या बी फोडणाऱ्या बायका दुसऱ्या दिवसापासून घरी बसतात. त्यांचे नाव कोणत्याही तक्रारीत नसते.

जिल्हा उद्योग केंद्राने आणि महात्मा फुले महामंडळाने कर्जाच्या प्रकरणाबरोबरच पुरवठादार पडताळणीची सोय करावी, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे. तोवर चार-पाच फॅक्टरीवाल्यांनी मिळून एक कंटेनर मागवावा, तपासनीसाचा खर्च वाटून घ्यावा, आणि फसवणाऱ्यांची नावे लाज न बाळगता एकमेकांना सांगावीत. पश्चिम आफ्रिकेची बी फेब्रुवारीत निघायला लागते. नोंदणीचे कागद आणि वकिलातीचे उत्तर हाती यायला वेळ लागतो, तेव्हा पत्रे डिसेंबरातच गेली पाहिजेत.