उमेदवार कोण ठरवितो?

इंदूर शहरातील भंवरकुआं हा भाग परीक्षार्थींचा म्हणून ओळखला जातो. विद्यापीठाचा परिसर जवळच, रस्त्याच्या दुतर्फा शिकवणी-वर्गांच्या पाट्या, आणि भाड्याच्या खोल्यांतून राहून सरकारी नोकरीसाठी अभ्यास करणारी खेड्यापाड्यांतील मुलेमुली. राखीव जागा म्हणजे काय, हे त्यांस कोणी समजावून सांगावयास नको. परंतु त्यांच्या परीक्षेस अभ्यासक्रम असतो, गुण असतात, निकाल जाहीर होतो. राजकीय पक्ष उमेदवारी देतात तेव्हा यांपैकी काय असते? यादी बहुधा बंद दाराआड तयार होते आणि ज्याचे नाव गळले त्यास कारणही कळत नाही. म्हणून 'उमेदवारीत राखीव वाटा ठेवल्यास गुणवत्ता मागे पडेल' असे कोणी म्हणाले, की आम्ही विचारतो : आजवर ती गुणवत्ता कोणी व कोणत्या मापाने मोजली?

यावर इंदूरचेच उदाहरण पुढे करता येईल. चिपळूणच्या कन्या व इंदूरच्या सूनबाई सुमित्रा महाजन या 1989 पासून 2014 पर्यंत लागोपाठ आठ वेळा येथून लोकसभेवर निवडून आल्या आणि 2014 ते 2019 या काळात लोकसभेच्या अध्यक्षाही होत्या. जागा राखीव नव्हती. हे खरे, आणि मराठी माणसास अभिमान वाटावा असेच आहे. परंतु एका घरी दिवा लागला म्हणून गावाची दिवाळी होत नाही. 2024 साली लोकसभेच्या 543 जागांवर निवडून आलेल्या स्त्रिया अवघ्या 74 होत्या.

तथापि जागा राखून ठेवणे ही एक गोष्ट, आणि त्या जागेवर कोणी उभे राहावे हे ठरविण्याचा अधिकार ही दुसरी. इंदूरनजीकच्या महू येथे जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा भेद नीट ओळखला होता. 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे कराराने प्रांतिक विधिमंडळांत अस्पृश्य वर्गासाठी 148 जागा राखण्याचे ठरले. तेथे आधी त्या वर्गाच्या मतदारांनीच चार उमेदवार निवडावयाचे आणि मग त्यांतून एकास सर्वांनी मत द्यावयाचे, अशी योजना होती. 1950 च्या राज्यघटनेत राखीव जागा राहिल्या, ही पहिली पायरी मात्र राहिली नाही. 1952 च्या निवडणुकीत मुंबईतील राखीव जागेवर खुद्द बाबासाहेबांचा काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी पराभव केला. मतदारांचा कौल शिरसावंद्य खरा. परंतु जागा आपली आणि निवड दुसऱ्यांची, ही खंत त्यामुळे खोटी ठरत नाही.

काही पक्षांनी कायद्याची वाट न पाहता वाटा दिला. 2019 साली ओडिशात बिजू जनता दलाने लोकसभेच्या 21 उमेदवारींपैकी 7 स्त्रियांस दिल्या व त्यांतील 5 निवडून आल्या. 2022 साली उत्तर प्रदेशात काँग्रेसने 40 टक्के उमेदवारी स्त्रियांस दिली. पण सबंध पक्षाच्याच पदरी दोन जागा पडल्या. नापीक खडक वाटून दिल्याने वाटणी होत नाही. वाटा द्यावयाचा तो पिकत्या जमिनीत. 2023 साली संसदेने स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागांचा कायदा संमत केला, पण त्याची अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघांची फेररचना यांवर अवलंबून ठेवली.

वाचकहो, हा प्रश्न दिल्लीचाच नाही. महाराष्ट्रात 2011 साली ग्रामपंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. तरीही कित्येक गावी अर्जावर सही बाईची आणि कारभार तिच्या यजमानांचा, असे घडते. तेथे उमेदवार पक्ष ठरवीत नाही, घर ठरविते. तेव्हा पुढच्या वेळी वॉर्ड स्त्रियांसाठी राखीव झाला, तर आपल्या घरी आधी तिलाच विचारावे : 'तुझी इच्छा आहे काय?' ती 'होय' म्हणाली, तर तिला सभेस स्वतः जाऊ द्यावे, स्वतः बोलू द्यावे, आणि त्या वेळी घरचा स्वयंपाक दुसऱ्या कोणी करावा.