मेस ठरवताना आधी खाडा विचारा

रमजान आणि बारावीची परीक्षा यंदा एकाच सुमारास आली आहे. परीक्षा संपेल, ईद होईल आणि जून-जुलैत सोलापूर, लातूर, बीड, जळगावकडची मुलंमुली पुण्यात दाखल होतील. प्रवेशाची धावपळ, खोलीचं डिपॉझिट यांत आईवडील मेटाकुटीला आलेले असतात. मेस सगळ्यांत शेवटी, घाईत ठरते. एक जेवण चाखायचं, चपाती मऊ आहे ना ते पाहायचं, भाज्यांचा तक्ता वाचायचा आणि पैसे भरून गावची एसटी गाठायची. चव पाहाच, पण त्याआधी दोन गोष्टी विचारा. मेसच्या वेळा काय, आणि खाडा मिळतो का?

पुण्यात शिकलेल्या माणसाला खाडा समजावून सांगायला नको. न खाल्लेल्या जेवणांची ती वजावट. कुठे सलग काही दिवस गैरहजर राहिलं तरच मिळते, कुठे आदल्या दिवशी सांगावं लागतं, कुठे मिळतच नाही. वसतिगृहाच्या फीमध्येच जेवण धरलेलं असेल, तर हा विषय कुणी काढतही नाही.

रोजे धरणाऱ्या विद्यार्थ्याला हे किती महाग पडतं, ते पाहा. समजा, दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला 3,500 रुपये. रविवारी संध्याकाळी मेस बंद, हा इथला जुना रिवाज. तीस दिवसांत चार रविवार धरले तर 56 जेवणं होतात, एक जेवण साडेबासष्ट रुपयांना. रमजानमध्ये दुपारची तीस जेवणं गेली की उरतात 26. खाडा नसेल तर तेच ताट 135 रुपयांच्या घरात जातं. शिवाय सहेरीसाठी, म्हणजे पहाटे रोजा सुरू होण्याआधीच्या खाण्यासाठी, दूध, केळी, पाव वेगळं विकत आणायचं.

संध्याकाळचं फारसं अडत नाही. या दिवसांत पुण्यात रोजा साडेसहा-पावणेसातच्या सुमारास सुटतो. खजूर आणि पाण्यावर इफ्तार होते, नमाज होते, तोवर मेसचं दार उघडतं. अडतं ते पहाटे. मुलगे निदान मोमिनपुऱ्यात किंवा कॅम्पात जाऊन काही खाऊन येऊ शकतात. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक रात्रीच बंद झालेलं असतं आणि खोलीत किटली लावायलाही बऱ्याच ठिकाणी मनाई. मग बिस्किटं आणि पाण्यावर रोजा धरायचा, दिवसभर तास आणि प्रॅक्टिकल करायची. घरी फोनवर अम्मीला मात्र सांगायचं, ‘हो, खाल्लं.’ रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. पुढची काही वर्षं तो फेब्रुवारी-जानेवारीत येईल. म्हणजे यंदा प्रवेश घेणाऱ्याला पदवीची तिन्ही वर्षं तो ऐन दुसऱ्या सत्रातच गाठणार.

पण ही काही एकट्या मुसलमान मुलांची अडचण नाही. चोविहार पाळणारी जैन मुलगी सूर्यास्तानंतर जेवत नाही आणि मेस उघडते साडेसातला. नवरात्राचे नऊ दिवस उपास करणारी मुलं आहेत, श्रावणी सोमवारवाली आहेत. पैसे भरलेत आणि जेवणाची वेळ मात्र आपली नाही, हे दुखणं सगळ्यांचं एकच.

एके काळी याच पुण्यात गरीब ब्राह्मण मुलं वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. यजमान वाढेल तेव्हा आणि ते खायचं; बोलायची सोय नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं, त्याचं नामकरण 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते झालं. तिथल्या एका चुलीवर सगळ्यांचं अन्न शिजलं. आज विद्यार्थी पैसे मोजून जेवतो, तरी त्याची अवस्था वारावर जेवणाऱ्यासारखी का असावी?

मेसवाल्या काकूंना यासाठी जास्तीचा खर्च नाही. दुपारच्या ताटाऐवजी रात्री नऊ-साडेनऊला डबा बांधून द्यायचा. चार चपात्या, बटाट्याची सुकी भाजी, थोडं दही. मेस शाकाहारी असली तरी माझी तक्रार नाही. आमच्या घरांत रोज बिर्याणी शिजते असं समजणाऱ्यांसाठी सांगतो, सहेरीला आमच्याकडेही बहुधा चपाती-भाजीच असते.

मोठ्या वसतिगृहांचं काम याहून सोपं आहे. एका वेळच्या जेवणाचं कार्ड ठेवावं, खाड्याचा नियम माहितीपत्रकात छापावा. नियम कुठल्या धर्माच्या नावाने नको, जो आगाऊ सांगेल त्या प्रत्येकाला लागू असावा. कारण पहिल्या वर्षाचं गावाकडचं पोर अनोळखी पोरांसमोर ‘माझा रोजा आहे’ म्हणत काउंटरवर सवलत मागायला जात नाही. गप्प बसतं, आणि पैसे तरी सोडतं किंवा रोजा तरी.

म्हणून जूनमध्ये आईवडिलांनीच विचारावं, मग घरी रोजे असोत, एकादशी असो वा काहीच नसो. खाडा किती दिवसांचा? डबा बांधून मिळतो का? एका वेळचे पैसे भरता येतात का? रविवारी रात्री पोरं कुठे जेवतात? आणि वर्षाचे पैसे एकदम मागत असतील, तर पावतीआधी नियमावली हातात घ्यावी.