कोट्यातली नोकरी, रेल्वेची बास्केटबॉलपटू आणि पुसेगावच्या पोरी

पोरींच्या खेळाचा विषय काढला की आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, "आधी ॲट्रॉसिटीच्या केसेस, शिष्यवृत्ती, नोकरभरती बघा. खेळाचं नंतर." आम्हाला हे पटत नाही. महिला बास्केटबॉल हा या देशात खेळाच्या आधी नोकरभरतीचाच प्रश्न आहे.

पुण्याची शिरीन लिमये घ्या. खेळाडूंच्या घरातली मुलगी. 2017 साली बेंगळुरूत आशिया चषकाच्या 'ब' विभागात भारताने कझाकस्तानला 75-73 असं हरवून वरच्या विभागात जागा मिळवली, त्या संघात ती होती. 2021 ला अम्मानमध्ये ती कर्णधार होती. आठ संघांत आपला संघ आठवा आला आणि पुन्हा खाली गेला. एवढं पेपरात येतं. पण महिला खेळाडूला वर्षभर पोसेल अशी लीग इथे टिकलेली नाही, हे येत नाही. मग करिअर चालतं कशावर? रेल्वेवर. शिरीन रेल्वेकडून खेळते. केरळची गीतू अण्णा जोसही दक्षिण रेल्वेचीच. ती ऑस्ट्रेलियात खेळून आली, 2011 ला अमेरिकेच्या डब्ल्यूएनबीएत तीन संघांसमोर चाचणी देऊन आली, पण तिथे करार झाला नाही. तिच्या पाठीशी राहिली ती सरकारी नोकरीच.

ही नोकरी कोट्यातून मिळते. क्रीडा कोट्यातून. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांतही खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. या पोरींना कुणी कधी "कोट्यातून आलीस" म्हणून हिणवलं का? नाही, आणि हिणवूही नये. तो त्यांच्या घामाचा हक्क आहे. पण हेच लोक आमच्या पोरीच्या जातप्रमाणपत्राकडे बघून 'मेरिट'चं प्रवचन झोडतात, तेव्हा त्यांना विचारा, दोन कोट्यांत फरक कुणी केला? शिवाय याच पाच टक्क्यांत ट्रॅम्पोलिनची बोगस प्रमाणपत्रं घुसवून नोकऱ्या लाटल्या गेल्या. तेव्हा मेरिटवाले कुठे होते?

रेल्वे आणि खेळाडू हे नातं आपल्याला नवं नाही. पालवणकर बाळू पुण्यात युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची कामं करत गोलंदाजी शिकले. सोबत खेळणारे हिंदू त्यांना चहा मातीच्या वेगळ्या भांड्यात, पॅव्हेलियनबाहेर देत. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतलेल्या या माणसाला हिंदू संघाचं कर्णधारपद शेवटपर्यंत मिळालं नाही. ते धाकटे भाऊ विठ्ठल यांना 1923 ला मिळालं. बाळूंनाही रेल्वेची नोकरी होती, रेल्वेच्या संघातून ते खेळत. पगार खेळाडूला नुसतं जगवत नाही, त्याला मान वर करायची ताकद देतो.

आपली तरुण पोरं माया मूरचे फोटो शेअर करतात. चार वेळा डब्ल्यूएनबीए विजेती ही कृष्णवर्णीय खेळाडू 2019 ला ऐन भरात खेळ थांबवून जोनाथन आयर्न्सच्या सुटकेसाठी लढली. सोळाव्या वर्षी अटक झालेला, पन्नास वर्षांची शिक्षा ठोठावलेला हा माणूस 2020 ला सुटला. पण त्याआधीचं 2016 बघा. पोलिसांनी केलेल्या हत्यांवर बोलणारे टी-शर्ट मूरच्या मिनेसोटा संघाने घातले. मग इतर तीन संघांनी निषेधाचे साधे काळे टी-शर्ट घातले, तर लीगने त्यांच्या खेळाडूंना प्रत्येकी 500 डॉलर दंड लावला. खेळाडूंनी पत्रकारांशी खेळावर बोलायचंच बंद केलं. काही दिवसांत दंड मागे घ्यावा लागला. त्यांच्याकडे 1998 पासूनची युनियन आहे. आपल्या पोरींकडे काय आहे? सरकारी पदं कमी होत चालली, कंत्राटी भरती वाढली, की पहिली गदा याच नोकऱ्यांवर येणार. तेव्हा खासगीकरणाविरुद्धच्या मोर्चात खेळाडूही आपल्यासोबत हव्यात, आणि त्यांच्या मागण्या आपल्या निवेदनात हव्यात.

आता पुसेगाव. पहाटे आमच्या वस्तीतल्या पोरी पोलीस भरतीसाठी डांबरी रस्त्यावर पळतात, ट्रक आला की कडेला उतरतात. त्यांच्यात उंच पोरी आहेत, चपळ पोरी आहेत. रेल्वे त्यांनी हिंगोलीला पूर्णा-अकोला गाडीत पाहिली आहे, रेल्वेचा संघ कधीच नाही. क्रीडा कोट्याला राज्य-राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं, प्रमाणपत्राला संघ, संघाला कोर्ट. ज्या वस्तीत कोर्ट नाही तिथल्या पोरीसाठी तो कोटा कागदावरच राहतो. संघनिवडीत आम्ही सवलत मागत नाही. निवडीच्या मैदानापर्यंतची वाट मागतो.

पूर्ण कोर्ट 28 बाय 15 मीटरचं. तीन-तीन जणींचा खेळ तर अर्ध्या कोर्टवर होतो, 15 बाय 11 मीटर, एक रिंग, दहा फूट उंचीवर. टोकियोपासून तो ऑलिंपिकमध्येही आहे. वस्तीच्या निधीतून कमान होते, पेव्हर ब्लॉक होतात, मग एवढा सिमेंटचा तुकडा का नाही? आम्ही येत्या ग्रामसभेसाठी अर्ज लिहिला आहे. खाली पहिल्या सह्या पहाटे पळणाऱ्या पोरींच्या आहेत. तुमच्या गावातही ग्रामसभा होतेच.

जय भीम.