पत्र्यालाही माया लागते

शिवणकामात ‘माया’ नावाचा एक सुरेख शब्द आहे. शिवणीसाठी मापापेक्षा जास्त सोडलेलं कापड म्हणजे माया. आमच्या पिढीतल्या बायकांना हे सांगायला नको, पण हल्ली घरोघरी मशीन राहिलेलं नाही म्हणून सांगते. अगदी मापात बेतलेला ब्लाऊज अंगात शिरत नाही, कारण शिवण कापड खाते. हाच कायदा पत्र्याला आणि पाइपालाही लागू आहे, हे मला गेल्या वर्षी कळलं. तेव्हापासून माझं एक मत तयार झालं आहे, ते आज मांडते. नातेवाईक मंडळींनी कृपया शेवटपर्यंत वाचावं, कारण विषय घरातला आहे.

मोठं रुग्णालय, मॉल, विमानतळ अशा इमारतींत खोट्या छताच्या वर काय असतं, याचा आपण कधी विचार करत नाही. तिथे थंड हवा नेणारे पत्र्याचे चौकोनी डक्ट असतात, पाण्याचे पाइप असतात, सांडपाण्याच्या नळ्या असतात. माझ्या भाचीचा मुलगा (म्हणजे माझा नातूच!) पुण्यात बसून हे सगळं संगणकावर रचतो. त्याच्या कामाला फॅब्रिकेशन मॉडेलिंग म्हणतात.

इंजिनिअर आराखडा करतो तेव्हा तो फक्त सांगतो, ‘इथून तिथे ४०० बाय ३०० मिलिमीटरचा डक्ट जाईल.’ बाजारातून ‘निळा परकर शिवून आण’ म्हणावं, तसं. पण पत्रा कापणाऱ्याला तेवढ्यावर कापता येत नाही. चारही बाजू मिळून १४०० मिलिमीटर झाले. शिवाय सांध्याची माया किती? पत्रा किती जाड? एका कडेला खिसा करून दुसरी कड त्यात सरकवायची आणि हातोडीने मिटवायची, की आणखी कुठला सांधा? पत्रा ठरावीक लांबीचा येतो, म्हणजे लांब डक्टचे तुकडे कुठे पाडायचे? ते तुकडे जोडायला फ्लँज कोणता, छताला टांगायचं कशाने? हे सगळं ठरवून प्रत्येक तुकडा खऱ्या मापाचा रचायचा आणि त्याला नंबर द्यायचा. मग संगणक तो तुकडा उलगडून सपाट करतो आणि यंत्र तसाच पत्रा कापतं. रेव्हिट नावाच्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरमध्ये असे कारखान्यात बनवण्याजोगे तुकडे २०१६ च्या आवृत्तीपासून आले, असं नातवाने सांगितलं.

पाइपाचं उलट असतं. तिथे माया ठेवायची नाही, वजा करायची! चार इंची पाइपाचा नेहमीचा लांब वळणाचा एल्बो मध्यापासून तोंडापर्यंत सहा इंच, म्हणजे १५२ मिलिमीटर भरतो. दोन एल्बोंच्या मध्यांमधलं अंतर ३००० असेल तर मधला पाइप ३००० चा कापायचा नाही. दोन्हीकडचे १५२ वजा केले की २६९६ उरतात. त्यातून वेल्डिंगसाठी सोडायची फटही काढायची. पाइप ४५ अंशांत तिरका न्यायचा असेल, तर जितका बाजूला सरकवायचा त्याच्या १.४१४ पट तिरकी लांबी. हा आपला पायथागोरसच! मी शिकवलं मराठी आणि इतिहास, पण गणिताच्या बाई रजेवर गेल्या की भूमितीचा तास माझ्याकडे यायचा. ‘बाई, हे पुढे कशाला लागतं?’ असं मुलं विचारायची. आज त्यांना बोलावून सांगावंसं वाटतं.

एक गंमत करून पाहा. काकडीभोवती कागद घट्ट गुंडाळा, सुरीने काकडी तिरकी कापा आणि कागद उलगडा. कड सरळ तिरकी नसते, लाट असते! गोल डक्टचं वळण असेच तिरके तुकडे जोडून करतात, आणि सपाट पत्र्यावर ती लाट आखावी लागते. नातवाने मला हे पडद्यावर दाखवलं, तेव्हा मी जुनी लग्नपत्रिका कापून करून पाहिलं. तो म्हणाला, “आजी, मी हे हाताने कधी केलंच नाही.” क्लासमध्ये त्याला बटणं शिकवली होती.

आता घरातला विषय. हा मुलगा खुर्चीवरची नोकरी सोडून वर्षभर एका डक्टच्या वर्कशॉपमध्ये कमी पगारावर जायचं म्हणतो आहे. घरात नाराजी आहे. ‘एवढं शिकून पत्रे ठोकणार का?’ हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या तोंडून ऐकलं.

माझ्या मते त्याचंच बरोबर आहे. संगणकात मायेचं माप आपोआप उगवत नाही. प्रत्येक वर्कशॉपचं यंत्र वेगळं, सांधा वेगळा. तिथल्या जाणत्या माणसाने सांगितलेलं माप कुणीतरी आत भरतं. ते चुकलं तर यंत्र इमानेइतबारे दोनशे तुकडे चुकीचे कापून देतं. हाताने कापणारा कारागीर पहिल्याच तुकड्याला थबकला असता. पडद्यावर दोन पाइप एकमेकांना लागत नाहीत, एवढ्याने भागत नाही. बोल्ट आवळायला पाना फिरतो का, डक्टवरच्या वेष्टनाला जागा आहे का, तुकडा लिफ्टच्या दारातून जाईल का, हे पाहावं लागतं. सांडपाण्याच्या नळीला उतार हवा, म्हणून ती आपली जागा सोडत नाही. पाण्याचा बारीक पाइप वळसा घेऊ शकतो. कुणी कुणाला वाट द्यायची, ही समज छताखाली शिडीवर उभं राहिलं की पक्की होते.

भाचीची काळजी मला कळते. घराचा हप्ता आहे, पत्र्याने हात कापतात, आवाजाने कान बधिर होतात. म्हणून वर्षाची मुदत लेखी घ्यावी. हातमोजे, विमा, पगार यांचं आधी स्पष्ट बोलून घ्यावं. संगणक नको असंही मी म्हणत नाही. जागेवरची तोडफोड आणि पत्र्याची नासाडी त्याने नक्कीच वाचते. पण ‘पत्रे ठोकणं’ हे हलकं, ही समजूत मात्र टाकून द्यायला हवी. शाळेतला कार्यानुभवाचा तास परीक्षा जवळ आली की गणित-इंग्रजीला दिला जायचा, तिथूनच ती मुलांच्या डोक्यात शिरते. त्या तासाला पुठ्ठ्याचा एक डबा उलगडून पुन्हा जोडायला लावला तरी भूमिती हातात उतरेल.

असो. दिवाळीला सगळे जमू तेव्हा त्याला ‘पत्रे ठोकतोस का’ असं कुणी विचारू नये, ही माझी विनंती. ‘आज काय बनवलंस?’ असं विचारा. आणि ब्लॉगवाल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरात अशी मुलं असतील तर त्यांचं काय चाललं आहे, ते जरूर लिहा.