फुलसावंगीचे हेलिकॉप्टर आणि शाळांतील विज्ञान प्रदर्शने

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी हे गाव ऑगस्ट २०२१ मध्ये तीन-चार दिवस देशभरच्या वृत्तपत्रांत झळकले आणि मग नेहमीप्रमाणे विस्मरणात गेले. पत्र्याची कपाटे बनविण्यात आणि वेल्डिंगच्या कामात हात तयार झालेल्या चोवीस वर्षांच्या एका तरुणाने तेथे एका माणसापुरते हेलिकॉप्टर बांधले होते. त्यात मारुती ८०० मोटारीचे इंजिन होते, सांगाडा त्याने स्वतः जोडलेला होता आणि त्यासाठी लागणारे ज्ञान त्याने यूट्यूबवरील चित्रफितींतून गोळा केले होते. स्वातंत्र्यदिनी हे यंत्र लोकांना दाखवावे असा त्याचा बेत होता. त्याच्या काही दिवस आधी, रात्रीच्या चाचणीत, शेपटीकडचा पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला आणि फिरत्या पात्याचा तडाखा डोक्याला बसून हा तरुण प्राणास मुकला.

त्या वेळी कोणी त्याला चित्रपटातील नायकाची उपमा दिली, तर कोणी वेड्या धाडसाबद्दल हळहळ व्यक्त केली. दोन्ही प्रतिक्रिया सोयीच्या होत्या, कारण दोहोंतही पुढे काही करण्याचे बंधन उरत नव्हते. या तरुणाचे शिक्षण आठवीपर्यंतचे होते, हा तपशील मात्र बातमीच्या एका ओळीत आला आणि तेथेच राहिला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ज्याला प्राथमिक शिक्षण म्हटले आहे ते पहिली ते आठवीचेच आहे. शासनाने ज्याची हमी घेतली आहे तेवढे विज्ञान या मर्यादेच्या आत मुलांना मिळाले तर मिळाले. त्यानंतर ज्याची शाळा सुटते त्याच्या हाती उरते ते दुकान आणि मोबाइलचा पडदा. म्हणून प्रश्न असा विचारला पाहिजे की, ज्याच्या हातात इतके कसब आहे अशा मुलाला आठवीच्या आत आपली विज्ञानशिक्षणाची व्यवस्था, आणि विशेषतः तिच्यातील सर्वांत गाजणारा भाग असलेली प्रदर्शने व स्पर्धा, नेमके काय देतात?

या उपक्रमांची आपल्याकडे वाण नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या पुढाकाराने १९७० च्या दशकापासून बालवैज्ञानिकांची प्रदर्शने भरत आली आहेत. त्यांची शिडी शाळेपासून तालुका, जिल्हा, राज्य अशी दिल्लीपर्यंत जाते. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून सहावी आणि नववीच्या विद्यार्थ्यांसाठी चालते. तीत लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक आणि कृतिसंशोधन प्रकल्पही आहे. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून मुलांना आपल्या परिसरातील प्रश्न हाताळावयास लावते. केंद्र शासनाच्या ‘इन्स्पायर-मानक’ योजनेत निवडलेल्या कल्पनेसाठी विद्यार्थ्याच्या खात्यावर दहा हजार रुपये जमा होतात. कागदावर पाहता यात उणे काढण्यासारखे थोडेच आहे.

पण तालुक्याच्या प्रदर्शनाच्या मंडपात तासभर फिरून यावे. थर्माकोलचे धरण, खाण्याच्या सोड्याने फेसाळणारा ज्वालामुखी, इंजेक्शनच्या नळ्यांवर चालणारा जेसीबी आणि पावसाचे पाणी साठविणारे घर यांची रांग तेथे लागलेली असते. प्रत्येक टेबलामागे गणवेशातील दोन मुले उभी असतात आणि परीक्षक जवळ येताच पाठ केलेले निवेदन न थांबता म्हणू लागतात. प्रतिकृतीचा बराच भाग पालकांनी किंवा शिक्षकांनी केलेला असतो; शहरांत तर ती तयारच विकत मिळते. परीक्षक नोंद करून पुढच्या टेबलाकडे वळतात. गुणांच्या तक्त्यात कल्पकता आहे, वैज्ञानिक विचार आहे, उपयुक्तता आहे. पण दोन-तीन मिनिटांच्या भेटीत डोळ्यांत भरते ती मांडणी, आणि बक्षीसही बहुधा तिच्याच वाट्याला जाते. या मंडपात एकही गोष्ट बिघडलेली दिसत नाही, आणि विज्ञानाच्या दृष्टीने हेच त्याचे सर्वांत मोठे व्यंग आहे. आपले यंत्र लोकांपुढे चालून दाखवावयाचे असते, एवढा एकच संस्कार घेऊन मूल घरी जाते.

यंत्र चालण्यापूर्वी ते अनेकदा आणि सुरक्षितपणे मोडून पाहावे लागते, हा दुसरा संस्कार कोणत्या मोलाचा असतो हे विमानविद्येच्या इतिहासावरून कळते. राइट बंधू सायकलींचे दुकानदार होते आणि दोघांपैकी एकाकडेही माध्यमिक शाळा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र नव्हते. म्हणजे शिक्षणाच्या कागदापुरते फुलसावंगीच्या कारागिरापासून ते फार दूर नव्हते. पण १९०० साली त्यांनी आपले पहिले ग्लायडर बव्हंशी पतंगासारखे दोरीला बांधून उडविले, आणि १९०१ मध्ये पंख्याने वारा सोडणारी एक लाकडी पेटी बनवून तीत पंखांचे सुमारे दोनशे लहान आकार तपासले. इंजिन बसवून उड्डाण झाले ते १७ डिसेंबर १९०३ रोजी. इगोर सिकोर्स्की तर शिकलेला आणि मुरलेला अभियंता. त्याचे व्हीएस-३०० हेलिकॉप्टर सप्टेंबर १९३९ मध्ये प्रथम जमिनीवरून उचलले तेव्हा ते दोरांनी बांधलेले होते, आणि मोकळे सोडले गेले ते १९४० च्या मे महिन्यात. मुख्य पंखा एका दिशेने फिरू लागला की यंत्राचा सांगाडा उलट दिशेने फिरू पाहतो. त्याला आवरण्याचे काम शेपटीचा छोटा पंखा करतो. हे सारे लांब, निमुळत्या शेपटीच्या टोकाशी, सततच्या कंपात चालते, आणि धातूच्या सांध्यातील चीर डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच पंखे आधी वेगळ्या चौकटीवर, माणसांना आडोशामागे ठेवून, तासन्‌तास फिरवून पाहण्याची रीत पडली. ही रीत बुद्धीची देणगी नव्हे. ती शिकवावी लागते, आणि लहानपणी शिकविणे सर्वांत सोपे असते.

त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. काडेपेटीच्या काड्या आणि टाकाऊ वस्तू यांतून विज्ञान शिकविता येते हे पुण्यात अरविंद गुप्ता यांनी आयुष्यभर दाखविले आहे. कागदाची पट्टी कापून, दोन पाती दुमडून केलेले भिरभिरे शाळेच्या गच्चीवरून सोडावे. पाती लांब केली तर ते खाली यावयास अधिक वेळ लागतो काय? खाली क्लिप लावून वजन वाढविले तर काय होते? एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, प्रत्येक वेळी पाच वेळा सोडावयाचे, वेळ वहीत लिहावयाची आणि जे भिरभिरे फिरलेच नाही त्याचीही नोंद ठेवावयाची. तिसरी-चौथीच्या मुलांना हे जमते, आणि हेलिकॉप्टरच्या शास्त्राची पहिली पायरी तीच आहे. परंतु आपली बहुतेक प्रदर्शने सहावीच्या आतील मुलांसाठी नसतातच, आणि असे भिरभिरे घेऊन कोणी मंडपात आलाच तर थर्माकोलच्या धरणापुढे त्याचा निभाव लागत नाही.

यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात तर विषय शोधण्यासाठी दिल्लीहून येणाऱ्या मुख्य विषयाकडे पाहण्याचे कारण नाही. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. ज्या मुलांचे आईवडील ‘औषध मारायला’ जातात त्यांनी वाऱ्याच्या दिशेने फवारा किती दूर जातो हे मोजून पाहावे. न्हाव्याच्या दुकानात असते तशी फवारणीची बाटली, तीत निळीचे पाणी आणि एकेक पावलावर ठेवलेले पांढरे कागद, एवढ्यावर हा प्रयोग होतो. विषाचा थेंबही न हाताळता कागदावरील ठिपके मोजता येतात, आणि ते आकडे संध्याकाळी घरी सांगता येतात.

यावर शिक्षकांकडून एक आक्षेप येईल आणि तो वाजवी आहे. जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत चार-पाच वर्ग सांभाळावयाचे, माहितीचे तक्ते भरावयाचे, निवडणुकीची कामे करावयाची आणि वर मुलांच्या पाच-पाच वेळच्या नोंदी तपासावयाच्या, हे कोणी करावे? पण आज हाच शिक्षक प्रदर्शनाच्या आधी आठवडाभर प्रतिकृती रंगवीत बसतो. त्याच वेळात नोंदवही होऊ शकते. स्पर्धा मुळातच नको, असे म्हणणारेही आहेत. इतक्या लहान वयात क्रमांक लावणे बरे नव्हे हे त्यांचे म्हणणे पहिली ते पाचवीपुरते मान्य करून तेथे क्रमांकाविना मेळावा भरवावा.

सहावी ते आठवीच्या गटात मात्र निम्मे गुण नोंदवहीला असावेत. तीत काय बिघडले, दुसऱ्या खेपेस काय बदलले आणि कोणाला इजा होऊ नये म्हणून काय केले, हे मुलाच्याच अक्षरात असावे. परीक्षकांत एक गावातील कारागीर असावा, कारण वेल्डर, फिटर किंवा मोटार दुरुस्त करणारा मिस्त्री सांधा हलवून पाहतो आणि मुलाला योग्य तो प्रश्न विचारतो. आठवीनंतर शाळा सोडणाऱ्या पण हात चांगला असलेल्या मुलांची नावे याच प्रदर्शनातून नजीकच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेला कळविली जावीत. दहावी न झालेल्यांनाही घेता येतील असे काही अभ्यासक्रम तेथे आहेत, आणि ते त्या मुलांना कोणी सांगत नाही. यासाठी नव्या निधीची मागणी करावी लागत नाही. गुणदानाचा एक तक्ता बदलावा लागेल, आणि विदर्भातील शाळा जूनअखेर उघडतात त्यापूर्वी तो तालुक्यांच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या हाती पडावा लागेल.